लिअँडर, राऊंड रॉक की ऑस्टिन? घर घेण्याआधी वीज कोणाची ते विचारा

भाच्याने तीन घरांची यादी पाठवली. एक लिअँडरमधलं, एक राऊंड रॉकमधलं, एक उत्तर ऑस्टिनमधलं. शाळांचं मानांकन, ऑफिसला लागणारा वेळ, प्रॉपर्टी टॅक्स, एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) वर्गणी, देऊळ किती मैलांवर, सगळे रकाने भरलेले. विजेचा रकानाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मामा, लाइट सगळीकडे सारखीच ना?"

लाइट सारखीच. तिन्ही घरं टेक्सासच्या एकाच ग्रिडवर, ती चालवणाऱ्या एरकॉट या संस्थेच्या कारभाराखाली. पण वीज घरापर्यंत आणणाऱ्याचा मालक तिन्हीकडे वेगळा आहे, आणि तो घर घेताना एकदाच ठरतो. नंतर तो बदलायचा तर घर बदलावं लागतं. मी या तिन्ही प्रकारांत राहिलोय: आधी ऑस्टिनमध्ये अपार्टमेंट, मग राऊंड रॉकला भाड्याचं घर, आता बरीच वर्षं लिअँडर. म्हणून हे भाच्यासाठी लिहितोय, आणि मंडळाच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात हाच प्रश्न टाकणाऱ्यांसाठीही.

थोडक्यात असं. ऑस्टिन शहरात वीज महापालिकेची, म्हणजे ऑस्टिन एनर्जीची. राऊंड रॉकच्या बहुतेक भागात तारा ऑनकोर कंपनीच्या, आणि वीज विकणारी कंपनी तुम्ही निवडाल ती. लिअँडर आणि सीडर पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी पेडरनालेस इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह, म्हणजे सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था. (लिहायचं पेडरनालेस, इथले जुने लोक म्हणतात 'पर्डनॅलिस'. तुम्ही नीट उच्चार केलात की लगेच कळतं, नवीन आहात.) हद्दी मात्र सरळ नाहीत. रस्ता ओलांडला की मालक बदलतो असंही होतं, त्यामुळे गावाच्या नावावर जाऊ नका, नेमका पत्ता टाकून बघा.

राऊंड रॉक: दुकानं पुष्कळ, हिशेब तुमचा

टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २००२ पासून राज्याच्या मोठ्या भागात वीजविक्री खुली झाली. महापालिका आणि सहकारी संस्था यांना त्यातून सूट मिळाली, हवं तर सामील व्हा, नको तर राहा. बहुतेक बाहेरच राहिल्या. राऊंड रॉक या खुल्या बाजारात आहे.

सरकारी आयोगाची 'पॉवर टू चूज' नावाची साइट आहे. पिनकोड टाकला की डझनावारी योजना समोर येतात. प्रत्येक योजनेबरोबर माहितीपत्रक देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि त्यात ५००, १०००, २००० युनिटला सरासरी दर किती पडेल ते छापलेलं असतं. गंमत या तीन आकड्यांतच आहे. काही योजनांत १००० युनिटचा टप्पा गाठला की घसघशीत सूट मिळते, म्हणून १००० समोरचा दर एकदम स्वस्त दिसतो आणि यादीत ती योजना वर येते. मी अशीच एक घेतली होती. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला गेलो, घर बंद, वापर साडेसहाशे युनिटांवर आला आणि बिल आदल्या महिन्यापेक्षा जास्त! सूट गेली होती ना. फोन केला तर पलीकडच्या मुलीने मोठ्या आदबीने माझीच सही असलेलं पत्रक वाचून दाखवलं. चूक माझी होती, पण ती होणारच अशी त्या पत्रकाची मांडणी होती, हेही तितकंच खरं.

बिलात दुसरी एक ओळ असते ती तारांच्या भाड्याची. कंपनी कोणतीही घ्या, ऑनकोरचा हा आकार तोच राहतो. लाइट गेली तर फोनही ऑनकोरलाच करायचा. वीज विकणारी कंपनी खांबावर चढत नाही, तिच्याकडे खांबच नाही.

वर्षातून एकदा बसून हिशेब करायची ज्याला आवड आहे त्याला इथे खरोखर स्वस्त वीज मिळते. माझा एक मित्र कराराची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवतो आणि मुदत संपण्याआधीच्या १४ दिवसांत दंड न भरता कंपनी बदलतो, हे तो सणासारखं पाळतो. ज्याला हे जमत नाही तो मुदतीनंतर महागड्या महिना-दर-महिना दरावर सरकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

ऑस्टिन: घरपट्टी-पाणीपट्टीच्या धाटणीचं बिल

ऑस्टिनमध्ये निवडायला काही नाही. एकच बिल येतं, त्यात वीज, पाणी, सांडपाणी, कचरा सगळं. दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे जास्त वापराल तितकं पुढचं युनिट महाग. अपार्टमेंटमध्ये दोघांना हे परवडतं. चार बेडरूमच्या घरात ऑगस्टमध्ये एसी दिवसरात्र चालतो, दोन हजार युनिट सहज जातात, तेव्हा वरचे टप्पे जाणवतात.

ऑस्टिन एनर्जी दरवर्षी १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम शहराच्या सर्वसाधारण निधीत भरते. त्यातून उद्यानं, ग्रंथालयं, पोलीस असा खर्च चालतो. कुणी म्हणतं हा छुपा कर आहे, कुणी म्हणतं पैसा गावातच राहतो, कुठल्या भागधारकाच्या खिशात जात नाही. मला दुसरं म्हणणं पटतं, पण एक अडचण आहे. ऑस्टिन एनर्जीचे काही ग्राहक शहराच्या हद्दीबाहेर राहतात. दर ठरवते नगर परिषद, आणि तिच्या निवडणुकीत या लोकांना मत नाही. तुमचं घर असं मधल्या पट्ट्यात असेल तर हे लक्षात घ्या.

छतावर सोलर बसवणार असाल तर तिघांत इथली पद्धत सर्वांत सरळ वाटते. २०१२ पासून त्यांनी सौर युनिटची किंमत स्वतंत्र काढून ती बिलातून वजा करायची रीत सुरू केली. खुल्या बाजारात परतखरेदी करणाऱ्या ठरावीक कंपन्याच बघाव्या लागतात. सहकारी संस्थेत तो दर संचालक मंडळ ठरवतं आणि बदलतंही. 'एक युनिट दिलं, एक वजा झालं' असा भारतातला हिशेब डोक्यात घेऊन कुठेच जाऊ नका.

लिअँडर: ग्राहक नाही, सभासद

आता माझ्या आवडीचा विषय. थोडा पाल्हाळ होईल.

माझं आजोळ राहुरीकडचं. मामाच्या घरच्या वीजबिलावर राज्य वीज मंडळाचं नव्हे, 'मुळा-प्रवरा'चं नाव असायचं. नगर जिल्ह्यातली ही विजेची सहकारी संस्था. मला वाटायचं, साखर कारखाना सहकारी, दूध संघ सहकारी, मग वीजही असणारच. लिअँडरला आल्यावर पहिल्या बिलावर 'मेंबर' शब्द बघितला आणि कुतूहल म्हणून शोधलं तेव्हा कळलं, नातं सरळच आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मदतीने, इथल्या ग्रामीण वीज संस्थांच्या नमुन्यावर भारतात पाच प्रायोगिक संस्था काढल्या गेल्या. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, कर्नाटकात बेळगावजवळची हुक्केरी, आंध्रात सिरसिल्ला (आता तेलंगणात), गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. म्हणजे मामाचं बिल आणि माझं बिल चुलतभाऊ निघाले.

मूळ इथलं. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहा शेतकरी कुटुंबांपैकी जेमतेम एकाकडे वीज होती. खासगी कंपन्यांचा हिशेब साधा होता: मैलभर तार ओढायची आणि गिऱ्हाईक दोन, परवडत नाही. मे १९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा झाला. सरकार स्वस्तात कर्ज देईल, संस्था मात्र शेतकऱ्यांनी स्वतः काढायची. ऑस्टिनच्या पश्चिमेची 'हिल कंट्री' म्हणजे खडकाळ माळ, विरळ वस्ती. मैलाला किमान तीन ग्राहक ही सरकारची अट तिथे बसेना. तेव्हा तिथला तरुण खासदार लिंडन जॉन्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला, थेट रूझवेल्ट यांच्याकडे गेला आणि अट शिथिल करून आणली. १९३८ मध्ये पेडरनालेस संस्था उभी राहिली, १९३९ मध्ये दिवे लागले. सभासद व्हायला पाच डॉलर, आणि ते काढतानाही लोकांच्या जिवावर यायचं. विहिरीतून बादल्या ओढून, चुलीवर पाणी तापवून कपडे धुणाऱ्या बायकांच्या आयुष्यात त्या तारेने काय बदललं असेल, ते आपल्या आज्यांना विचारलं तर त्याही सांगतील.

मुख्य कार्यालय अजून जॉन्सन सिटी या छोट्या गावातच आहे. संस्था मात्र वीज वितरण करणाऱ्या सहकारी संस्थांत देशातली सर्वांत मोठी झाली, चार लाखांवर जोडण्या. गुराढोरांच्या माळावर लिअँडरसारखी एकसारख्या छपरांची गावं उगवली आणि आपल्यासारखे लोक ओळीने सभासद झाले. नाव ग्रामीण, सभासद संगणकवाले.

सभासद म्हणजे प्रत्यक्षात काय? तीन गोष्टी.

मत. जोडणी घेतली की तुम्ही सभासद, भाडेकरू असलात तरी. हजार एकरांचा रँच असो की दोन खोल्यांचा फ्लॅट, सभासदाला मत एकच. सात संचालक, प्रत्येक जण एका विभागातून. दरवर्षी काही जागांसाठी निवडणूक होते, त्यासाठी मतपत्रिका येते. ऑनलाइनही मत देता येतं. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा बायकोने जाहिरात समजून कचऱ्याच्या ढिगात टाकली होती, पिझ्झाच्या कूपनांत. काढून बघितलं तर उमेदवारांचे फोटो, शिक्षण, आणि प्रत्येकाचा अर्ध्या पानाचा मजकूर. एक जण निवृत्त इंजिनिअर, त्याने दराचा तक्ताच मांडला होता. दुसऱ्याने नुसतं 'मी याच भागात वाढलो' एवढं लिहिलं होतं. आम्ही इंजिनिअरला मत दिलं. पडला.

दुसरी गोष्ट कॅपिटल क्रेडिट. वर्षाचा खर्च जाऊन संस्थेकडे जे उरतं ते नफा म्हणून कुणा बाहेरच्याला जात नाही. ते सभासदांच्या नावावर, ज्याने जितकी वीज घेतली त्या प्रमाणात, जमा होतं. दूध संघ दिवाळीला फरक देतो तसंच. फक्त दिवाळी लगेच येत नाही. तो पैसा संस्था आधी खांब, तारा, उपकेंद्रं यांत वापरते आणि संचालक मंडळाला योग्य वाटेल तेव्हा जुन्या वर्षांचा थोडाथोडा परत करते. देशातल्या काही संस्थांत यात दोन-तीन दशकं जातात. त्यामुळे दर ठरवताना हा पैसा गृहीत धरू नका. पण घर विकून डॅलसला गेलात तरी तो तुमचाच राहतो, म्हणून नवा पत्ता कळवा. वारसांनाही मिळतो.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण मराठी आईबापांना सांगायलाच हवी. देशभरातल्या या संस्था दर जूनमध्ये हायस्कूलच्या मुलांना वॉशिंग्टनच्या सहलीला पाठवतात. कल्पना जॉन्सन यांच्या १९५७ च्या एका भाषणातून निघालेली. शिवाय अनेक संस्था शिष्यवृत्त्या देतात. अर्ज करा हो! वीज कंपनीकडून शिष्यवृत्ती मिळते हे आपल्या लोकांच्या ध्यानातच येत नाही.

आता वाईट बाजू. सहकार म्हटलं की आपोआप चांगलं, असं समजणारा माणूस मराठी नाही. वार्षिक सभेत अध्यक्ष विषय वाचतोय आणि मागून 'मंजूर, मंजूर' चाललंय, हे आपण पाहिलंय. पेडरनालेसमध्येही अनेक वर्षं वेगळं नव्हतं. नामांकन समिती एका जागेला एकच नाव सुचवायची, गैरहजर सभासदांची प्रॉक्सी मतं संचालक मंडळाच्या हातात, निवडणूक म्हणजे औपचारिकता. २००७ मध्ये सभासदांनी कोर्टात दावा लावला, वर्तमानपत्रांनी संचालकांचे भत्ते आणि खर्च बाहेर काढले. माजी सरव्यवस्थापकाला २०१० मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. २००८ पासून खऱ्या लढतीच्या निवडणुका सुरू झाल्या, सभा आणि कागदपत्रं सभासदांना खुली झाली. ही संस्था सुधारली ती सभासद कोर्टात गेले म्हणून. त्याआधी सत्तर वर्षांच्या आसपास ती तशीच चालली, कारण लाइट येत होती आणि कुणी विचारत नव्हतं.

मुळा-प्रवराचं काय झालं तेही सांगून टाकतो. तिथे वीज विकत घ्यायची राज्य वीज मंडळाकडून, आणि मोठा वापर शेतीपंपांचा, कमी दराचा. देणी थकत गेली, वाद चिघळला, आणि २०११ मध्ये त्या भागाचा परवाना महावितरणकडे गेला. हुक्केरी आणि सिरसिल्ला मात्र चालू राहिल्या. म्हणजे नमुना एकच, पण नशीब ठरलं ते वीज कुठल्या भावाने घेतली आणि कुणाला कुठल्या भावाने दिली यावर.

फेब्रुवारी २०२१

टेक्सासमध्ये विजेबद्दल बोलताना त्या आठवड्याशिवाय सुटका नाही. बर्फ पडला, वीजकेंद्रं बंद पडली, घाऊक बाजारात युनिटचा भाव ९ डॉलरच्या कमाल मर्यादेवर जाऊन कित्येक दिवस तिथेच ठेवला गेला. अंधार तिन्ही मालकांच्या हद्दीत झाला. एरकॉटचा हुकूम आला की कुणाचंही फीडर बंद होतं, तिथे सभासद आणि ग्राहक सारखेच.

फरक पडला तो नंतर, पैशांत. खुल्या बाजारात ग्रिडी नावाची कंपनी घाऊक भाव थेट ग्राहकाच्या माथी टाकत असे, तिच्या लोकांना हजारो डॉलरची बिलं आली. कंपनी बुडाली आणि घरगुती ग्राहकांना अशी योजना विकायला त्याच वर्षी बंदी झाली. ज्यांचा दर करारात बांधलेला होता ते त्या महिन्यात सहीसलामत सुटले. सहकारातही सगळं गोड नव्हतं. १६ सभासद संस्थांना वीज पुरवणारी ब्राझोस इलेक्ट्रिक ही सहकारी संस्था १ मार्च २०२१ ला दिवाळखोरीत गेली. संस्थेवर पडलेला बोजा शेवटी सभासदांच्याच बिलात उतरतो, कारण दुसरं कोणी नाहीच. पेडरनालेस ब्राझोसच्या सभासदांत नव्हती, पण हा प्रश्न कोणत्याही संस्थेबद्दल विचारण्यासारखा आहे: वीज घेता कुणाकडून, आणि किती वर्षांच्या कराराने?

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ओकच्या झाडांवर बर्फाचा थर चढून फांद्या तारांवर कोसळल्या. ऑस्टिनमध्ये अनेक घरं कित्येक दिवस अंधारात होती. नगर परिषदेने महिना संपायच्या आत शहराच्या व्यवस्थापकालाच घरी पाठवलं. महापालिकेच्या विजेचा हा फायदा म्हणा: तिथे जबाबदार कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि राग काढायला जागा असते.

मग कुणी कुठे?

निव्वळ दराची तुलना मी मुद्दाम दिली नाही. आज लिहिलेला आकडा सहा महिन्यांत शिळा होतो, आणि तिघांतला फरक घराच्या इन्सुलेशनपुढे बऱ्याचदा किरकोळ ठरतो. १९९५ चं गळकं घर घेऊन स्वस्त वीज शोधण्यात अर्थ नाही. बघायचं ते हे, की बिनसलं तर तुमच्या हातात काय आहे. राऊंड रॉकमध्ये पाय काढता येतो, लिअँडरमध्ये तोंड उघडता येतं, ऑस्टिनमध्ये नगरसेवकाच्या दारात जाता येतं.

दोघं नोकरी करताय, मुलं लहान आहेत, कागदपत्रं बघायला वेळ नाही, तर माझं मत सहकारी संस्था. काहीही न करता ठीकठाक दर मिळतो, आणि सूट गमावण्याची भानगड नाही. स्थिर आकार मात्र बघून घ्या. कमी वापराच्या महिन्यात तोच बिलाचा मोठा हिस्सा होतो. पगारावरच्या करासारखं विजेचंही पत्रक उघडून बसायला आवडणाऱ्याने राऊंड रॉक घ्यावं, त्याचे पैसे नक्की वाचतील. छोटं घर, कमी वापर, छतावर सोलर, शहरातच राहायचं, तर ऑस्टिन.

कुठलंही घर असो, विकणाऱ्याकडून मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा. ऑगस्ट आणि जानेवारी दोन्ही बघा. तारा जमिनीखाली आहेत की खांबांवर, आणि खांबांवर असतील तर ओकच्या फांद्या किती जवळ आल्यात, हे घर बघायला जाल तेव्हा मान वर करून बघा. इन्स्पेक्टर हे सांगत नाही.

भाच्याने रकाना वाढवला, तिन्ही घरांपुढे मालकाचं नाव घातलं, सगळं नीट रंगवून मला परत पाठवलं. मग भाचेसुनेने राऊंड रॉकचं घर पसंत केलं, स्वयंपाकघर मोठं आहे म्हणून. आता करार बारा महिन्यांचा घ्यावा की चोवीस, यावर रोज फोन चालू आहेत. ऑगस्टात संपणारा घेऊ नकोस, एवढंच त्याला सांगितलंय.